पेडल सोडलं तरी ब्रेक धरूनच

प्रश्न : पावसात जांबोटी-चोर्ला रस्त्यानं आलं की पुढचं डावं चाक तापतं, जळका वास येतो. काय करावं? – एक वाचक, खानापूर

उत्तर : चाक गार झाल्यावर गाडी जॅक लावून स्टँडवर घ्या. ब्रेक दाबून सोडा, चाक हातानं फिरवा. जड असेल तर कॅलिपरचा (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) ब्लीडर निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल करा. ब्रेक ऑईल उडून चाक मोकळं झालं, तर बहुधा होज (ऑईलची रबरी नळी) आतून फुगलाय, बदला. तरीही जडच, तर स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) किंवा पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) अडकलाय. आपल्याकडच्या पावसात आधी संशय पिनचाच घ्यावा: तिच्यावरचा रबरी बूट (आवरण) फाटतो, पाणी शिरतं, गंज धरतो. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसनं रबर फुगतं. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर घासत बसू नका, कॅलिपरच बदला. निपल उघडलाय, तेव्हा ब्रेक ऑईलमध्ये शिरलेली हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊच नका.