भोरड्यांच्या थव्यातला म्होरक्या कुठे असतो?

प्रश्न : मंगळवेढ्याजवळ आमची अडीच एकर मालदांडी ज्वारी हुरड्यात आलीय. सकाळी भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, थवा उतरतो. डबा वाजवला की उठतो आणि गिरकी घेऊन वावराच्या दुसऱ्या टोकाला बसतो. थव्याचा म्होरक्या गोफणीने टिपला की बाकीच्या फिरकत नाहीत, असे जुनी माणसे सांगतात. तो ओळखायचा कसा?

उत्तर : भाऊ, तो सापडणार नाही, कारण थव्याला म्होरक्या नसतोच. भिगवणला उजनीच्या काठावर संध्याकाळी हजारो भोरड्या एका दमात वळताना पाहिल्या की कुणीतरी हुकूम सोडतोय असेच वाटते. भोरडीच्याच कुळातल्या युरोपी मैनांचे थवे रोमच्या आकाशात अनेक कॅमेऱ्यांनी टिपून इटलीच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवले, की एकेक पक्षी जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांवरच नजर ठेवतो. धडकायचे नाही, शेजारी वळला की वळायचे, एकटे पडायचे नाही, झाले. आषाढीला पंढरपुरात गर्दीतून चालताना आपण तरी काय करतो?

म्हणून एका कडेचे पाच-पन्नास पक्षी बिचकले की ते वळण पक्ष्यामागून पक्ष्याकडे जाते आणि क्षणात अख्खा थवा फिरतो. तुमची राखण याच कडेवर हवी. वावराच्या मधल्या माळ्यावर बसून ओरडण्यापेक्षा थवा ज्या अंगाने येतो त्या बांधावर उजाडायच्या आत उभे राहा आणि तो हवेत असतानाच गोफण फिरवा. एकदा उतरला की शेजारी खाताना दिसतो, मग नवे पक्षीही तिथेच टेकतात आणि तुमच्या डब्याला दाद देत नाहीत. दुपारनंतर पुन्हा एक फेरी असतेच.

कणसांच्या वर हातभर उंच लाल-चंदेरी चमकी फीत पीळ देऊन ताणा. वाऱ्याने ती चमकते, घोंघावतेही. पण जागा बदलत राहा. बुजगावणे आठवडाभर एकाच जागी राहिले की भोरड्या त्याच्याच डोक्यावर बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेय.

शेजाऱ्यांची ज्वारी आणि तुमची एकाच सुमारास निसवली तर मार वाटला जातो. मागास पेरलेल्या एकट्या तुकड्यावर सगळा थवा तुटून पडतो. पुढच्या पेरणीला बांधाला बांध असलेल्यांशी बोलून ठेवा.

विष मात्र घालू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय ह्याच भोरड्या नाकतोडे आणि टोळ फस्त करतात. दाणा कडक होईपर्यंत राखण सोडू नका, आणि हुरडा पार्टी ठेवलीच असेल तर पाहुण्यांनाही बांधावर उभे करा.