सांगलीत नदीजवळ राहताय, तर घर कधी सोडायचं ते आधी ठरवा

ताई, तुम्ही विचारलंय की सांगलीत नदीजवळ तळमजल्यावर भाड्यानं राहायला आलोय, सासूबाईंना इन्सुलिन चालू आहे, मुलगी लहान आहे, तर पावसाळ्याआधी घरात काय काय भरून ठेवावं. सामानाचं सांगते, पण आधी घर कधी सोडायचं ते ठरवा.

इथं सगळा हिशोब कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट आहे, त्यावर चालतो. 40 फूट इशारा पातळी, 45 धोका पातळी. तुमच्या गल्लीचा आकडा मात्र वेगळा असणार. शेजारच्या जुन्या माणसांना विचारा, पुलाला किती फूट असताना आपल्या दारात पाणी येतं आणि मुख्य रस्त्याला जायची वाट किती फुटांना बंद होते. वाट बऱ्याचदा आधी बंद होते. घर कोरडं आणि गल्लीच्या तोंडाशी कमरेएवढं पाणी, अशीच माणसं अडकतात. म्हणून वाटेचा आकडा धरा, त्यातून चार-पाच फूट वजा करा आणि फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुलाचं पाणी त्या आकड्यावर आलं की निघायचं, बाहेर ऊन पडलेलं असलं तरी. सांगलीत पाऊस थांबलेला असतानाही कोयना धरणातून सोडलेलं पाणी वाढलं की कृष्णा चढते.

‘2005 च्या पुरात पाणी इथवर आलं नव्हतं’ असं कुणीतरी सांगेलच. 2019 च्या ऑगस्टमध्ये याच भरवशावर कित्येक घरं थांबली आणि पाणी 57 फुटांवर गेलं, 2005 च्या खुणेच्या कितीतरी वर. त्याच पुरात ब्रह्मनाळ गावात खचाखच भरलेली बोट उलटून माणसं गेली. म्हातारं माणूस आणि लेकरू असलेल्या घरानं बोटीची वाट बघायची वेळ येऊच देऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

कुणाकडे जायचं तेही आत्ताच बोलून ठेवा. विश्रामबाग किंवा मिरजेकडे कुणी असेल तर उत्तम. यजमान कामावर असताना पाणी चढलं तर सासूबाईंना कोण नेणार, हेही पक्कं हवं.

पिशवीत पहिलं औषध. 2019 ला पुणे-बंगळूर महामार्गच कित्येक दिवस बंद होता, त्यामुळे दोन आठवड्यांचा साठा ठेवा: इन्सुलिन, सुया, साखर तपासायच्या पट्ट्या, डॉक्टरांची चिठ्ठी. वीज गेली म्हणून इन्सुलिन थेट बर्फावर ठेवू नका, गोठलं की वाया जातं. वापरात असलेलं इन्सुलिन फ्रिजबाहेर सावलीत किती दिवस चालेल, ते डॉक्टरांना विचारून त्या पिशवीवरच लिहा. थोडी रोख रक्कम घ्या, वीज गेली की एटीएम बंद. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये.

निघताना मेन स्विच बंद करा. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, पुरात तो तरंगतो. मदत लागली तर 112, जिल्हा नियंत्रण कक्ष 1077.

परत आल्यावर लगेच चिखल काढायला घेऊ नका. भिंतीवरची पाण्याची रेघ आणि खराब झालेली प्रत्येक वस्तू यांचे फोटो आधी काढा, पंचनाम्याला लागतात.