चार दिवस समुद्रावर गेले म्हणून

प्रिय मैत्रिणी,

घरच्यांसोबत चार दिवस समुद्रावर जाऊन आल्यावर तू लिहिलंस, 'मजा आली, पण आता पुस्तक उघडलं की डोकं रिकामं वाटतं. जायलाच नको होतं.' तुझ्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य मला अजिबात पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आई-बाबा, भावंडं आणि तू, सगळे एकाच वेळी मोकळे असण्याचे दिवस यापुढे कमी होत जातील. कुणाची नोकरी, कुणाची परीक्षा, कुणी दुसऱ्या शहरात. त्या चार दिवसांवर तुझा हक्क होता. त्यांची भरपाई करायची नसते. परतल्यावरचा आठवडा बिघडतो तो बहुतेकदा या भरपाईच्या हट्टानेच. रोज बारा तासांचं वेळापत्रक भिंतीवर लागतं, दुसऱ्याच दिवशी मोडतं, मग स्वतःचा राग येतो आणि वही समोर असूनही हात लावावासा वाटत नाही. चांगली अभ्यासू मुलं यात अडकलेली मी पाहिली आहेत.

आता विसरण्याबद्दल. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून आपण किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. एका दिवसानंतर तीच यादी पुन्हा पाठ करताना त्याची सुमारे एक तृतीयांश मेहनत वाचत होती, सहा दिवसांनंतर सुमारे पाव. नीट बघ, सगळी मोठी घसरण पहिल्या दिवसातच आहे; पुढच्या पाच दिवसांत फरक थोडाच पडतो. म्हणजे तू सहलीला न जाता इथेच थांबली असतीस आणि उजळणी केली नसतीस, तरी बरंचसं गेलंच असतं. समुद्राला कशाला दोष? शिवाय त्याच्या याद्यांना काही अर्थच नव्हता. तू शिकतेस ते समजून घेतलेलं आहे, ते जास्त टिकतं. आणि त्याने मोजली ती दुसऱ्यांदा पाठ करताना वाचलेली मेहनत. 'काहीच आठवत नाही' असं वाटत असतानाही दुसऱ्यांदा शिकायला कमी वेळ लागतो, हे मला त्याच्या कामातलं सगळ्यात दिलासा देणारं वाटतं.

म्हणून पहिल्या दिवशी नवा धडा घेऊ नकोस आणि जुना धडा पहिल्यापासून वाचतही बसू नकोस. पुस्तक मिटव, कोरा कागद घे आणि जाण्याआधी शेवटचं जे शिकलीस त्यातलं आठवेल ते लिही. अर्धवट, चुकीचं, कसंही. मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाच्या पेनने भर. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवलं. आठवड्याने विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. आठवताना डोक्याला ताण येतो, चिडचिड होते. होऊ दे. पंधरा-वीस मिनिटं कागदासमोरून उठू नकोस, एवढंच सांगणं आहे. दोन दिवसांनी तोच विषय पुन्हा असाच लिहून बघ.

बुडालेल्या तासांच्या वह्या मैत्रिणीकडून घे, पण उतरवत बसू नकोस. काय शिकवलं ते आधी तिच्या तोंडून ऐक. एखादं काम द्यायची तारीख उलटली असेल तर सरांना आजच कळव.

झोपेचं मात्र गंभीरपणे घे. सुट्टीत उशिरा झोपणं, उशिरा उठणं झालंच असेल. बहुतेकांचं शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे ते पुढे सरकतं सहज आणि मागे आणायला त्रास होतो. लवकर आडवं होऊन छताकडे बघत राहिलीस तर वैतागशील. त्यापेक्षा उठायची वेळ पक्की कर, रविवारीही तीच ठेव आणि उठल्यावर लगेच बाहेरच्या उजेडात जा. सकाळच्या उजेडाने घड्याळ मागे येतं. रात्री दिवे मंद, फोन लांब. काही दिवसांत झोप आपोआप वेळेवर येऊ लागेल. तोवर अवघड विषय रात्रीवर ढकलू नकोस.

अजून एक, कारण तू लिहिलं नसलंस तरी मला जाणवलं: तुला घरच्यांची आठवण येतेय. नोकरीवर परतलेल्या लोकांच्या अभ्यासात दिसलंय की सुट्टीचा ताजेपणा बहुधा काही दिवसांतच ओसरतो. तुझाही ओसरेल आणि त्यात तुझं काही चुकलेलं नसेल. संध्याकाळी अर्धा तास चालायला जा, चालताना आईला फोन कर. तिथे वेळ होता म्हणून ज्या गप्पा झाल्या, त्या इथेही थोड्या चालू राहू देत.

पहिल्या कागदाचा फोटो मला पाठव. किती आठवलं याचे मार्क मी देणार नाही. तू कुठे अडलीस तेवढं मला बघायचंय. पुढच्या आठवड्याचा अभ्यास त्यावरून दोघी मिळून ठरवू.

तुझी,
ताई