डायम्योला पुढे घालू नका, मागे ठेवा

तू विचारलंयस ते थोडक्यात असं, की एज ऑफ एम्पायर्स ३ या कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या गेममध्ये जपान घेऊन खेळतोस, होम सिटीतून, म्हणजे मदत पाठवणाऱ्या मायदेशातल्या शहरातून, डायम्योचं, म्हणजे जपानी सरदाराचं, कार्ड पाठवतोस, आणि दर मॅचला पहिल्याच मोठ्या लढाईत तो मरतो, मग हे कार्ड डेकमधून, म्हणजे निवडलेल्या कार्डांच्या संचातून, काढून त्या जागी सरळ नागिनाता रायडरचं, म्हणजे जपानी घोडेस्वारांचं, कार्ड टाकू का. आणि शेवटी अजून एक, की आपल्या इंडियन सिव्हचा, म्हणजे गेममधल्या भारतीय बाजूचा, मनसबदार आणि हा डायम्यो म्हणजे एकच प्रकार का.

कार्ड काढू नकोस. मी एशियन डायनेस्टीज हा गेमचा वाढीव भाग आला तेव्हापासून, म्हणजे २००७ पासून जपान खेळतोय, मधे काही वर्षं सुटलं होतं, मग २०२० ला डेफिनिटिव्ह एडिशन आली आणि परत लागलं, आणि सुरुवातीचे कितीतरी महिने मीही हेच करायचो. घोड्यावर बसलाय, चिलखत घातलंय, हातात तलवार आहे, म्हणजे हा घोडदळाचा बाप असणार, याला पहिल्या रांगेत घाला. तिथेच चुकतं. गेममध्ये तो मोजला जातो हेवी कॅव्हलरीत, म्हणजे जड घोडदळात, त्यामुळे हेवी कॅव्हलरीला जे जे मारतं ते सगळं त्यालाही मारतं, भाले घेतलेलं पायदळ, मस्केटियर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ड्रगून, बंदूकधारी घोडेस्वार. समोरच्याने पाच ड्रगून बाजूला काढून फक्त त्याच्यावर सोडले की विषय संपला, आणि जरा अनुभवी खेळाडू असेल तर तो हे करतोच, कारण त्याला माहीत असतं की तू काय गमावणार आहेस.

आता तू काय गमावतोस ते बघ. डायम्योकडे तीन गोष्टी आहेत. आजूबाजूच्या तुझ्या सैन्याचा अटॅक तो वाढवतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे इथेच थांबतात. दुसरं म्हणजे तो स्वतः सैनिक तयार करतो, बॅरॅक्ससारखे, उभा आहे तिथेच. आणि तिसरं, होम सिटीच्या शिपमेंट, म्हणजे कार्डांवरून येणारी मदत, टाउन सेंटरऐवजी (गावातली मुख्य इमारत) थेट त्याच्यापाशी उतरवता येतात. या शेवटच्या दोन गोष्टींसाठी कार्ड घ्यायचं. अटॅकचा बोनस हा वरचा फायदा समज.

मॅच कशी हरतो आपण, ते आठवून बघ एकदा. पहिली लढाई बरोबरीत सुटते, दोघांचं सैन्य अर्धं होतं, आणि मग जो शत्रूच्या दारात लढतोय त्याला नवीन माणसं पाठवायला अख्खा मॅप ओलांडावा लागतो, दोन दोन चार चार करत येतात आणि वाटेतच घोडदळ त्यांना खातं. जो घरी लढतोय त्याची माणसं मात्र बॅरॅक्समधून बाहेर पडली की लढाईत. डायम्यो हा हिशोब उलटा करतो. तो शत्रूच्या गावाबाहेर झाडांच्या आड उभा असला, की तुझे अशिगारू, म्हणजे बंदूकधारी पायदळ, एकदम पाचाच्या बॅचने तिथेच निघतात, आणि होम सिटीतली शिपमेंटही तिथेच येते, म्हणजे घर शत्रूचं असलं तरी घरी लढण्याचा फायदा तुला मिळतो.

माझी एक मॅच सांगतो, त्यात मला हे पहिल्यांदा नीट कळलं. तीन विरुद्ध तीनची होती, फोर्ट्रेस एजला, म्हणजे गेमच्या तिसऱ्या टप्प्यात, मी डायम्यो मागवला आणि या वेळी ठरवूनच मागे ठेवला, शत्रूच्या गावाच्या डाव्या अंगाला झाडांची दाट पट्टी होती तिच्या मागे. पुढे माझे युमी, म्हणजे तिरंदाज, त्यांच्या पुढे अशिगारू. पहिली चकमक मी सरळ सरळ हरलो, शत्रूच्या फाल्कोनेट तोफांनी माझे युमी उडवले, आणि तो माझ्या उरलेल्यांच्या मागे धावत पुढे आला. तेवढ्यात झाडांमागे पाच अशिगारू, लगेच दुसरे पाच, आणि त्याच वेळी शिपमेंट उतरली. घोडा एका जागी उभा आहे आणि त्याच्या पायाशी माणसं उगवताहेत असं दिसतं ते, झूम करून बघ एकदा, छान वाटतं. तोफा पुढे आल्या होत्या, राखायला कोणी नव्हतं, सगळ्या गेल्या. डायम्योने त्या अख्ख्या लढाईत एकदाही तलवार काढली नाही.

तर वापरायचं कसं ते सांगतो. डायम्योला स्वतःचा वेगळा कंट्रोल ग्रुप दे, मी ९ नंबर देतो, आणि सैन्याला माउसने चौकोन काढून सिलेक्ट करताना तो त्यात येत नाही ना हे डोळ्यात तेल घालून बघ. तुझे डायम्यो मरतात त्यातले निम्मे तरी असेच मरत असणार, तू सगळ्यांना सिलेक्ट करून राइट क्लिक करतोस आणि तो घोड्यावर असल्यामुळे सगळ्यांच्या आधी, एकटा, शत्रूच्या भाल्यांवर जाऊन पोचतो. दुसरं, त्याच्यापाशी चार-पाच अशिगारू कायम ठेव, ते लढाईला द्यायचे नाहीत, कोणी हुसार घोडेस्वार घेऊन मागून आला तर त्यांच्यासाठी. तिसरं म्हणजे तो पोचल्या पोचल्या शिपमेंट त्याच्यापाशी येतील असं सेट कर, नाहीतर लढाईच्या गडबडीत विसरतोस आणि माणसं मागे टाउन सेंटरला उतरतात. आणि लढाई हातातून जातेय असं वाटलं की सगळ्यात आधी त्याला मागे घे, उरलेल्यांना नंतर. दहा अशिगारू परत करता येतात, पुढचं ठाणं गेलं की गेलं. फक्त एक, खिशात रिसोर्स नसतील तर तो नुसता उभाच राहणार, तेव्हा रिसोर्स देणाऱ्या श्राइन आणि चेरी ऑर्चर्ड यांच्याकडे दुर्लक्ष करून डायम्यो घाईत पाठवू नकोस.

आणि हे फक्त गेमपुरतं नाहीये, म्हणून मला हे युनिट एवढं आवडतं. डायम्यो म्हणजे मुळात जमिनीचा धनी. 'दाई' म्हणजे मोठा आणि 'म्यो' हा शब्द जमिनीच्या मालकीवरून आलाय. त्याचं मोठेपण तलवारीवर नाही, तांदळावर मोजायचे, कोकू हे माप होतं, एक कोकू म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, आणि पुढे एदो काळात, म्हणजे तोकुगावांच्या राजवटीत, तर १०,००० कोकू किंवा त्याहून जास्त उत्पन्नाची जमीन असेल तोच डायम्यो असा हिशोब पक्का झाला. जेवढे कोकू तेवढी माणसं लढाईला आणायची, आपल्याकडे सरंजामावर फौज ठेवायचे तसंच काहीसं. म्हणजे बनवणाऱ्यांनी या युनिटला सैनिक तयार करायची ताकद दिली ती उगाच नाही, खरा डायम्यो म्हणजेच सैन्य उभं करणारी जागा होती. आणि मोठ्या लढाईत सरदार बहुतेक वेळा मागे असायचा, कापडी पडद्यांनी घेरलेल्या तळावर घडीच्या स्टुलावर बसून, जवळ त्याची मोठी निशाणी रोवलेली, तोकुगावा इएयासूची सोनेरी पंख्याची होती, आणि निरोपे घोड्यावरून ये-जा करताहेत. त्या वेळचे जपानी घोडेही लहान चणीचे, आज मोजले तर पोनीत जमा होतील. त्यात १५७५ ला नागाशिनोला ताकेदा घराण्याचं नावाजलेलं घोडदळ ओदा नोबुनागा या सरदाराच्या बंदूकधारी अशिगारूंसमोर लाकडी कुंपणापाशी मेलं. तुझे डायम्यो ज्या पद्धतीने मरताहेत ना, अगदी तसंच.

गेममधल्या तीन डायम्योंची नावं बघितलीस का, कियोमासा, मासामुने आणि मोतोतादा, वर शोगुन (सगळ्या सरदारांवरचा लष्करी प्रमुख) तोकुगावा, म्हणजे इएयासू. तिन्ही खरी माणसं. कातो कियोमासा म्हणजे कुमामोतोचा किल्ला बांधणारा. दाते मासामुने सेंदाईचा, लहानपणी देवीच्या आजारात उजवा डोळा गेलेला, शिरस्त्राणावर मोठी चंद्रकोर लावायचा. तोरी मोतोतादा हा इएयासूचा लहानपणापासूनचा माणूस. आता गंमत बघ, २१ ऑक्टोबर १६०० ला सेकिगाहाराची लढाई झाली, जिच्यामुळे तोकुगावांच्या हातात जपान आला आणि १६०३ ला इएयासू शोगुन झाला, त्या मैदानात या तिघांपैकी एकही नव्हता! कियोमासा खाली क्युशूमध्ये शत्रुपक्षातल्या कोनिशीच्या मुलखाशी लढत होता, मासामुने वर उत्तरेत इएयासूच्या विरोधातल्या उएसुगी घराण्याला अडकवून बसला होता. आणि मोतोतादा त्याआधीच गेला होता. इएयासू उत्तरेकडे निघाला तेव्हा त्याने फुशिमीचा किल्ला मोतोतादाकडे सोपवला, दोघांनाही माहीत होतं की हा किल्ला पडणार. सुमारे २,००० माणसं आत, बाहेर ४०,००० च्या आसपास, तरी दहा-एक दिवस त्याने तो धरला, आणि ते दिवस इएयासूच्या कामी आले. त्या किल्ल्याच्या फळ्या म्हणून क्योतोच्या योगेन-इन देवळात छताला बसवलेल्या दाखवतात, त्यांवर रक्ताचे काळपट डाग आहेत, फोटो शोधून बघ. मला तर ते वाचल्यापासून मोतोतादाचं कार्ड पाठवताना दर वेळी आठवतं.

तर तिघांनीही काय केलं? आपापली बाजू धरून ठेवली. गेममध्ये त्यांच्याकडून हेच काम करून घ्यायचं.

नागिनाता रायडरचं विचारलंस, तर त्यांचं काम वेगळं, उघड्यावर सापडलेले स्कर्मिशर (हलकं बंदूकधारी पायदळ), तोफा, व्हिलेजर यांच्यावर धाड घालायची, त्यासाठी ते हवेतच. डेकमध्ये २५ कार्डं असतात, दोन्ही बसतात. छोट्या मॅपवर एकास एक खेळत असशील आणि मॅच लवकर निकालात निघत असेल तर मात्र डायम्योआधी इकॉनॉमीची कार्डं पाठव, कारण तिथे अंतरच कमी असतं आणि पुढच्या ठाण्याचा तेवढा उपयोग होत नाही. मोठा मॅप किंवा टीम गेम असेल तर माझ्या मते डायम्योशिवाय जपान अर्धाच.

राहिला मनसबदार. नाही, एकच नाहीत. मनसबदार चारमिनार गेट या वंडरमधून, म्हणजे खास इमारतीतून, मिळतो, आणि तो आपल्याच प्रकारच्या जवळच्या सैनिकांना बळ देतो, म्हणजे शिपायांचा मनसबदार शिपायांना. तो सैनिक तयार करत नाही, शिपमेंटही त्याच्यापाशी उतरत नाही. म्हणून त्याला आपल्या माणसांच्या रांगेतच ठेवावं लागतं, फक्त अगदी पुढच्या टोकाला नको. डायम्योसारखा झाडांमागे उभा केलास तर तो वाया गेला. तू बहुतेक इंडियन्सवरून जपानवर आलास आणि तीच सवय घेऊन आलास, म्हणूनच डायम्यो रांगेत जातोय. पुढच्या दोन-तीन मॅच त्याला फक्त ९ नंबरवर ठेवून खेळ, आणि तरी मेला तर मॅचचं रेकॉर्डिंग टाक, कुठे उभा केला होतास ते बघून सांगतो.