भितीले टांगाले थे का कॅलेंडर हाय?

प्रिय चिऊ,

फोनवर तू विचारलंस, "आई, तू समरकंदच्या घरात भिंतीवर कापड लावलंयस, मग आजी तिचं कोशाचं लुगडं ट्रंकेत का कोंबून ठेवते?"

कोंबून नाही गं. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं असतं, मध्ये कडुलिंबाचा वाळका पाला. दिवाळीच्या साफसफाईत आजी घडी बदलते, कारण एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की कोशाचं, म्हणजे टसरचं, रेशीम तिथेच चिरतं. लग्नानंतर मीही तिला हेच विचारलं होतं. म्हणाली, "भितीले टांगाले थे का कॅलेंडर हाय?" लुगडं नेसायला असतं, विषय संपला.

माझ्या भिंतीवरची सुझनी, म्हणजे इकडचं उझबेकी भरतकामाचं कापड, मात्र भिंतीसाठी नि बिछान्यासाठीच भरतात, मुलीच्या लग्नात देतात. कापडाच्या पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडून नक्षी काढायची, मग पट्ट्या उसवून घरातल्या बायकांनी वाटून घ्यायच्या आणि भरून झाल्या की पुन्हा जोडायच्या. त्यामुळे माझ्या सुझनीत एक फूल मधोमध सरकलंय, अर्धं गडद लाल, अर्धं फिकं. दुकानात मशीनवर भरलेली अगदी बिनचूकही होती, वर स्वस्त. पण माझा जीव त्या सरकलेल्या फुलावर जडला.

आजीच्या लुगड्याचं याच्या उलट. तिथे जोड चुकून चालत नाही. अंग कोशाचं, काठ सुताचा, मागावर आडवा धागा नेणारे धोटे तीन : दोन काठांचे दोन, अंगाचा एक. दर ओळीला अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकून मागे वळतो. म्हणून काठाचा लाल काठातच राहतो आणि कडेला करवतीचे दात उमटतात. हे अडकवणं हातानं चालतं, काम भरभर होत नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात आंधळगावकडे कोष्टी विणकर हे विणतात. कोसा येतो जंगलातून. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर लोक कोशाच्या अळ्या राखतात, पाखरं हाकतात. लुगड्याचा तो मधाळ रंग कोशाचा स्वतःचाच, रंगारी लागत नाही.

तुलाही कापडं जमवायची आहेत ना? मग आधी मामाबरोबर आंधळगावला जाऊन माग बघून ये. "करवत काठ" म्हणून बाजारात काहीही गळ्यात मारतात. काठ उजेडात धरायचा. त्यात अंगाचा धागा मिसळलेला दिसला तर ते तीन धोट्यांचं काम नव्हे. घेशील ते नेसायलाही काढ. नुसतं साठवणं मला पटत नाही, आजीला तर मुळीच नाही. तिची सुती लुगडी बघ, विरली तशी गोधडीत गेली. तू पांघरतेस ना, तीच.

लुगडं बघायचं तर आजीसमोरच उघड, हात धुऊन, चिवड्याचे तेलकट हात नकोत. आणि ती ते कुणाकुणाच्या लग्नात नेसली, विचारून मला लिही. मलाही सगळी माहीत नाहीत.

तुझी,
आई