शिकवलेलं एक, मनातलं एक

प्रश्न : मी तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सव्वाशे मुलं आहेत. कॉलेजात 'चिंतनशील अध्यापना'वर, म्हणजे आपलं शिकवणं आपणच तपासत राहण्यावर, कार्यशाळा झाली. तेव्हापासून दर महिन्याला एक तक्ता भरून द्यावा लागतो : 'मी विद्यार्थ्यांना विचार करण्यास प्रवृत्त केले काय? होय / नाही.' मी 'होय'वर खूण करते आणि कागद नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीत जातो. यात चिंतन कुठे आलं? आणि सिलॅबस संपवायचा की हे करत बसायचं?

उत्तर : मॅडम, तो तक्ता भरून टाका. नोकरीसाठी तो लागतो, चिंतनाशी त्याचा काही संबंध नाही. तुमचा विषय तोच माझाही, म्हणून भौतिकशास्त्रातलंच सांगतो.

एरिक माझूर १९८४ पासून हार्वर्डमध्ये शिकवत होते. मुलांचे अभिप्राय उत्तम, अवघड गणितंही मुलं सोडवायची. १९९० मध्ये त्यांच्या वाचनात अमेरिकेतल्याच ॲरिझोनाच्या हालून आणि हेस्टेनस या संशोधकांचं काम आलं. बल आणि गतीबद्दल आकडेमोड नसलेले साधे प्रश्न विचारले, तर कोर्स पूर्ण केलेली मुलंही चुकतात, असं त्यांना आढळलं होतं. माझूरना वाटलं, आपली मुलं चुकायची नाहीत. तसेच प्रश्न त्यांनी वर्गात दिले, तेव्हा कुणीतरी विचारलं की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहायचं, की आम्हाला खरंच वाटतं तसं?

चिंतनशील अध्यापन मी या प्रश्नापासून मोजतो. मुलाच्या डोक्यात दोन कप्पे असतात, एक पेपरचा आणि एक स्वतःचा. आपण वर्षभर पहिल्यात भर घालत राहतो आणि दुसऱ्याला हातही लागत नाही.

उद्याच्या तासाला फळ्यावर लिहा : एसटी आणि मोटारसायकल समोरासमोर धडकल्या. कुणी कुणावर जास्त बल लावलं? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारी मुलंही एसटीचं नाव घेतील. पाठकोऱ्या कागदावर अ (एसटीने), ब (मोटारसायकलने) किंवा क (दोघांनी सारखंच) यांपैकी आपलं अक्षर ठळक लिहून कागद छातीशी धरायला सांगा. नुसते हात वर करायला सांगितलं की शेजाऱ्याचं बघून हात वर होतात. उत्तर लगेच सांगू नका. ज्याचं उत्तर वेगळं आहे अशा शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवून द्यायला लावा, मग पुन्हा कागद वर. ही माझूर यांचीच पद्धत, तिचा ढोबळ हिशेब असा : पहिल्या खेपेला ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील, तर आपापसांतली चर्चा रंगते. त्याहून कमी असतील तर संकल्पना पुन्हा समजावा, जास्त असतील तर पुढे चला. बल दोन्हीकडे सारखंच असतं, पण मोटारसायकलचं वस्तुमान कमी, म्हणून तिचं त्वरण मोठं, हे पुष्कळदा मागच्या बाकावरून येतं. ते ऐकताना बाकीच्यांचे चेहरे बघा.

दुसरं काम आठवड्यातून एकदाच करायचं. शिक्षणतज्ज्ञ स्टीफन ब्रूकफील्ड यांनी शिक्षकाने स्वतःकडे पाहण्याच्या चार जागा सांगितल्या आहेत : स्वतःचा अनुभव, विद्यार्थ्यांचे डोळे, सहकारी आणि सिद्धान्त. तुमच्या तक्त्यात फक्त पहिली आहे, तीही होय-नाहीपुरती. ब्रूकफील्ड आठवड्याच्या शेवटच्या तासाला मुलांकडून पाच प्रश्नांची बिननावी उत्तरं लिहून घेतात आणि पुढच्या तासाला त्यांचा गोषवारा वर्गासमोर मांडतात. सव्वाशे मुलांत पाच प्रश्न झेपायचे नाहीत. दोनच ठेवा : या आठवड्यात मन कुठे लागलं? कुठे गोंधळ उडाला?

माझ्या वर्गात आलेली एक चिठ्ठी अशी होती : 'चेंडू वर जाताना त्याला हाताचं बल असतंच ना? तुम्ही म्हणता फक्त गुरुत्वाकर्षण. मग तो वर कसा जातो?' ॲरिस्टॉटलपासून चौदाव्या शतकातल्या ब्युरिदाँ या फ्रेंच तत्त्वज्ञापर्यंत थोरामोठ्यांनी याच प्रश्नाशी झटापट केली आहे. ते मी पुढच्या तासाला आधी सांगितलं आणि मगच उत्तराकडे वळलो. गोषवारा मांडणं मात्र टाळू नका. चिठ्ठ्या घेतल्या आणि पुढे काहीच झालं नाही, तर तिसऱ्या आठवड्यापासून कोरे कागद येतात.

सिलॅबसचं म्हणाल, तर पुस्तकात जसेच्या तसे असलेले डेरिव्हेशन फळ्यावर उतरवणं कमी करा. तेवढ्यात हा वेळ निघतो.

प्रश्न : वय ४६. मुलगी नोकरीला लागल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतेय. समाजशास्त्रातलं 'कुटुंब' वाचल्यापासून घरातली प्रत्येक गोष्ट टोचते. आमच्याकडे हळदीकुंकवाला विधवा जाऊबाईंना आत बसवून ठेवतात. मी बोलले, तर 'शिकून डोकं फिरलं' म्हणाले. अभ्यास सोडून द्यावा असं वाटतं.

उत्तर : ताई, अभ्यास सोडू नका. डोकं फिरलेलं नाही, ते कामाला लागलं आहे. प्रौढशिक्षणाचे अभ्यासक जॅक मेझिरो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत, मोठ्या खंडानंतर कॉलेजात परतलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांची पत्नीही तशीच पुन्हा शिकायला गेली होती. १९७८ मध्ये त्यांनी मांडलं की प्रौढपणीचं खरं शिक्षण बहुतेकदा अशा पेचातून सुरू होतं : आजवर गृहीत धरलेलं अचानक पटेनासं होतं. सुरुवातीला राग येतो, अपराधी वाटतं. हे फक्त आपलंच नाही हे कळलं की पाय टेकायला जागा मिळते. म्हणून संपर्क सत्राला जाणं चुकवू नका. तिथे तुमच्या वयाच्या बायका भेटतील, त्यांच्याशी हे बोला, समुपदेशकांशीही बोला.

घरात वाद घालण्याआधी जाऊबाईंना एकट्यात विचारा की त्यांना काय हवंय. कदाचित त्यांना बाहेर यायचं असेल, कदाचित चारचौघींच्या नजरांची धास्ती वाटत असेल. त्यांच्या वतीने भांडण्याचा हक्क त्यांनी द्यायला हवा. त्या हो म्हणाल्या, तर घरच्यांना हेरवाडचं सांगा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. कुंकवाचं पहिलं बोट त्यांना तुम्हीच लावा.