वरंब्यावरचा पांढरा थर

प्रश्न : पंढरपूर तालुक्यात भीमेकाठी माझी तीन एकर काळी जमीन आहे. ऊस कायमचाच. उजनीचं आवर्तन लांबलं की बोअरचं पाणी देतो. आता खालच्या अंगाच्या एकरात उगवण विरळ होते, उन्हाळ्यात वरंबे पांढरे पडतात. दुकानदार म्हणतो, जिप्सम टाका. टाकू का? — एक शेतकरी

उत्तर : दादा, इतक्यात नको. जिप्सम हा चोपण जमिनीचा इलाज. तिथे सामू (पीएच) ८.५ च्या वर असतो, चिकणमातीला सोडियम चिकटलेला असतो आणि जिप्सममधलं कॅल्शियम त्याला हुसकावतं. तुमच्या वर्णनावरून जमीन क्षारपड वाटते, म्हणजे विरघळलेले क्षार साठलेत. कधी दोन्ही रोग एकत्र असतात, म्हणून तपासणीशिवाय पोतं उघडू नये. दुकानदाराला माल खपवायचा असतो, त्याला काय!

आता बोअरकडे बघा. पाण्याची ईसी, म्हणजे क्षार किती ते सांगणारी विद्युतवाहकता, २ असेल, तर लिटरमागे साधारण १.३ ग्रॅम क्षार येतात. एकराला तीन इंच पाणी म्हणजे तीन लाख लिटर. एका पाळीला जवळजवळ चार क्विंटल क्षार तुम्ही स्वतः शेतात ओतता! पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर गेला की खालचा ओलावा वर चढतो आणि क्षार वरंब्यावर आणून सोडतो. पूर्वीचा झिमझिम पाऊस ते खाली धुऊन न्यायचा. आता महिनाभर ताण आणि मग एका रात्रीत धो-धो, त्यातलं बरंच पाणी ओढ्याला जातं.

म्हणून आधी निचरा. खालच्या बांधाला खोल चर काढा, त्याला ओढ्यापर्यंत वाट हवी. शेजाऱ्याच्या रानात सोडलंत तर भांडण ठरलेलं. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकायचे तर खर्च मोठा, पण कृष्णाकाठी सांगली-कोल्हापुरात शेतकऱ्यांनी गटाने ते केलंय. चर वाहता झाला की कालव्याच्या गोड्या पाण्याने क्षार खाली धुवा. चर नसताना जास्त पाणी दिलंत, तर भूजल आणखी वर येईल.

मातीचे नमुने पावसाआधी घ्या : एक फूट, दोन फूट, तीन फूट असे वेगवेगळे. पांढरा थर निराळ्या पिशवीत. बोअरचं पाणीही स्वच्छ बाटलीत तपासणीला द्या.

ऊस सोडा म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही, ठाऊक आहे. निदान त्या एकरात एक हंगाम करडई घ्या, ती क्षार बऱ्यापैकी सोसते. पुढे ऊस लावायचाच तर फुले २६५ ही क्षार सोसणारी जात लावा आणि बेणं वरंब्याच्या माथ्यावर नको, बगलेला दाबा. क्षार माथ्यावरच गोळा होतात.